शेवटच्या रांगेतली घंटा

कॉलेजात तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागं 'घंटाबाई'. तिला दोन्ही ऐकू येत. सभागृहाची देखभाल हे तिचं काम. खुर्च्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, वक्त्याच्या हाताशी पाण्याचा ग्लास ठेवायचा, माईकसमोर उभं राहून 'हॅलो, एक, दोन, तीन' म्हणायचं आणि मग शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. समोर स्टुलावर पितळी घंटा, मनगटावर घड्याळ, मांडीवर वही.

संशोधक विद्यार्थ्यांची सादरीकरणं, पाहुण्यांची व्याख्यानं, प्रबंधाच्या तोंडी परीक्षा, सगळं त्याच सभागृहात व्हायचं आणि सगळ्यांना नियम एकच. तीन मिनिटं उरली की एक टोला, वेळ संपली की दोन. दोन टोले पडले की वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायचं. मध्येच दिवे गेले, माईक बंद पडला, वक्त्याला ठसका लागला, तरी घड्याळ थांबत नसे. पहिल्या प्राचार्यांनी घालून दिलेला नियम. ते गेले, त्यांच्यानंतरचे दोघं गेले, नियम राहिला, कारण तो सांभाळायला ती होती. एकदा तर तिनं खुद्द कुलगुरूंना 'शेवटी मी एवढंच सांगेन की' इथं गाठलं होतं. काय सांगायचं होतं ते कुलगुरू आपल्याबरोबरच घेऊन गेले.

एकोणीस वर्षं माणसांची भाषणं ऐकली की माणूस एकतर बहिरा होतो, नाहीतर जाणकार. ती जाणकार झाली. तिच्या वहीत चार रकाने होते: कोण, विषय काय, किती मिनिटं, आणि चूक. चुकीचा रकाना सगळ्यात रुंद. 'पहिली दोन मिनिटं माफी मागण्यात गेली.' 'पडद्यावरचं वाचून दाखवलं. वाचता आम्हालाही येतं.' 'प्रश्न कळला नाही तरी उत्तर दिलं.' 'स्वतःलाच न पटलेला निष्कर्ष, म्हणून आवाज चढवला.' अशा सहा वह्या भरल्या होत्या. दरम्यान तिनं बाहेरून परीक्षा देऊन एम.ए.सुद्धा केलं. कार्यालयात सांगितलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "वा! म्हणजे आता घंटा शुद्ध भाषेत वाजणार."

घरी तिला वाक्य पुरं करायची मुभा नव्हती. नवरा पाणीखात्यात तक्रारी नोंदवून घ्यायचा. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आल्यावर बायकोचं बोलणंही त्याला त्यातलंच वाटे. ती म्हणायची, "अहो, आज काय झालं माहितीये, सकाळी मी पडदे ओढत होते तर—" की तो चप्पल काढता काढता म्हणायचा, "मुद्द्याचं बोल." सासूबाई कानानं अधू. त्यांच्याशी बोलायचं तर आवाज थेट पोटातून काढावा लागे, आणि तोही चिडल्यासारखा वाटून चालत नसे. आवाज न चढवता लांबवर कसा पोचवायचा हे तिला कुठल्या पुस्तकानं नव्हे, सासूबाईंच्या कानांनी शिकवलं होतं. कॉलेजात जाणारी लेक तेवढी ऐकायची, पण एका कानात वायर घालून.

ती इतरांना शिकवायला लागली ती एका बटणापायी.

तेव्हा एक संशोधक मुलगा होता. साठवणीच्या धान्याला लागणाऱ्या किडीवर त्याचं काम. काम चोख, पण बोलायला उभा राहिला की हनुवटी छातीला टेकायची आणि शब्द सदऱ्यातच पडायचे. मित्रांनी नाव ठेवलं होतं पुटपुट्या. त्याचं पहिलं सादरीकरण अठरा मिनिटं चाललं आणि एक वाक्यही पहिल्या रांगेपलीकडं आलं नाही. बोलता बोलता तो सदऱ्याचं बटण पिळत होता, ते तुटून पडलं. विभागप्रमुखांनी शेरा मारला, 'तोंडी परीक्षेस बसवण्याजोगे नाही.' सगळे गेल्यावर ती दार लावायला आली तर हा पायरीवर बसलेला.

"बाई, कुलूप नका लावू. माझं बटण आत पडलंय."

"बटण मिळेल हो," ती म्हणाली. "आवाज कुठं पडलाय ते सांगा आधी."

तो रडलाच. तिनं दार पुन्हा उघडलं, त्याला व्यासपीठावर उभं केलं आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसली. म्हणाली, "प्रबंध बाजूला ठेव. कीड आत शिरते कुठून, ते मला सांग. माझ्या घरात डबे आहेत, मला खरंच हवंय." मुलगा बोलायला लागला. वीस मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की आपण हनुवटी वर करून बोलतोय, आणि तो एकदम गप्प झाला.

पुढं चार महिने, रोज दुपारी चार ते पाच. बुटांच्या खोक्याची झाकणं कापून तिनं कार्डं केली होती. एकावर 'मोठ्यानं', एकावर 'वर बघ', एकावर 'दम घे'. आणि एक कोरं.

"कोरं दिसलं की तीन सेकंद गप्प," ती सांगायची.

"आणि त्या तीन सेकंदांत मी करू काय?"

"विचार कर. जमलं तर."

मध्येच ती मुद्दाम खुर्ची पाडायची. तो दचकायचा. "दचकायचं नाही," ती म्हणायची. "भाषणात काहीही मध्ये आलं की त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला भाषणात ओढून घ्यायचं. खुर्ची पडली ना? मग म्हण, आतून पोखरलेलं पोतं असंच एका दिवसात खाली बसतं. लोकांना वाटेल, खुर्ची तुझ्याच सांगण्यावरून पडली."

तोंडी परीक्षेला पुटपुट्या असा बोलला की परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. शेवटी त्यानं आभार मानले. मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे, मित्रांचे, गोदामाच्या रखवालदाराचे, 'आणि ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्या सर्वांचे'. त्या 'सर्वां'त ती होती. त्या दिवशी तिनं वहीतला चुकीचा रकाना कोरा ठेवला.

मग तोंडातोंडी कळत गेलं आणि दरवर्षी दहा-बारा जण चार वाजता दारात उभे राहायला लागले. कोणाची नोकरी त्यामुळं लागली, कोणाची शिष्यवृत्ती. कुठल्या कागदावर मात्र यातलं काही नव्हतं. कागदावर ती खुर्च्या लावत होती.

आणि मग कॉलेजनं 'शैक्षणिक संवाद आणि भाषणकला केंद्र' काढायचं ठरवलं. एक प्रशिक्षक नेमायचा, पदव्युत्तर शिक्षण हवं, शिकवण्याचा अनुभव हवा. विभागप्रमुख स्वतः सभागृहात आले.

"बाई, अर्ज करा. तुमच्याशिवाय आहे कोण? आणि हो, अभ्यासक्रमाचा एक कच्चा आराखडा पाहिजे होता. तुमच्या त्या वह्यांमधून होईल ना काहीतरी?"

होईल ना! चार रविवार दुपारी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून तिनं बत्तीस तासांचा अभ्यासक्रम लिहिला. लिहिताना तिचा हात हलका झाला होता. आपण व्यासपीठावर उभ्या आहोत आणि शेवटच्या रांगेत दुसरंच कोणीतरी बसलंय, हे चित्र ती भाजी चिरता चिरता पुन्हा पुन्हा बघायची. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला एवढीच गोष्ट हवी होती, की लोकांनी आपल्याकडं तोंड करून बसावं.

मुलाखतीत दहा मिनिटांचं नमुना-व्याख्यान द्यायचं होतं. तिनं घरी सराव केला. नवऱ्याला, सासूबाईंना आणि लेकीला सोफ्यावर बसवलं. दुसऱ्या मिनिटाला नवरा चष्मा शोधायला उठला. पाचव्या मिनिटाला सासूबाईंनी विचारलं, "एवढं गंभीर तोंड करून काय सांगतेयस गं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, आई. मुलाखत आहे माझी."

"मग तिथं जाऊन बोल ना. आम्ही का तुला नोकरी देणार आहोत?"

लेकीनं मात्र मोबाइलवर वेळ लावली होती. "नऊ मिनिटं पन्नास सेकंद. आई, भारी! आणि ते आठव्या मिनिटाचं तर कसलं जबरी आहे!"

आठव्या मिनिटाला तिचा हुकमी एक्का होता. समोरच्या परीक्षकांपैकीच एकाला उठवायचं, दोन वाक्यं बोलायला लावायची, मग कोरं कार्ड दाखवून तीच वाक्यं पुन्हा बोलायला लावायची. भाषण कसं करावं हे सांगायचं नाही, दोन मिनिटांत करून दाखवायचं. आधीची सात मिनिटं म्हणजे परीक्षकांना तिथवर नेणारा जिना होता.

मुलाखतीच्या दिवशी समोर तिघं होते. प्राचार्य, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. उमेदवार पाच. तज्ज्ञ बाईंनी विचारलं, "वेळ कोण बघणार?"

"बाईच वाजवतील की घंटा," विभागप्रमुख म्हणाले.

"पण पहिल्या उमेदवार त्याच आहेत ना?"

"मग काय झालं? आपलं आपण मोजतील. त्यांच्याइतकं चोख कोण मोजणार?"

तिघं हसले. तीही हसली. पुढं कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या त्या हसण्याचा.

घंटा पोडियमवर ठेवून तिनं घड्याळ लावलं आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य नीट पडलं. तज्ज्ञ बाई पुढं झुकल्या. चौथ्या मिनिटाला कँटीनचा माणूस चहाचा ट्रे घेऊन आला, तो पोडियमशेजारच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. प्राचार्यांनी ट्रेकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"बाई, जरा तेवढे कप... गरम आहेत तोवर."

आणि ती गेली. पाय आपोआप गेले. एकोणीस वर्षं त्या टेबलावरचे कप तिनंच उचलले होते. तज्ज्ञ बाईंना बिनसाखरेचा हवा होता, तो कोणता ते तिनं शोधलं. विभागप्रमुखांच्या बशीत चहा सांडला, ती बदलली. सातवं मिनिट झालं तेव्हा तिच्या एका हातात कप होता. तिनं तो प्राचार्यांसमोर ठेवला, चार पावलं चालत पोडियमपाशी आली आणि एक टोला दिला. मग बिस्किटांची बशी फिरवली.

ती पुन्हा बोलायला उभी राहिली तेव्हा साडेआठ मिनिटं झाली होती. घड्याळ थांबवायला हवं होतं, नाहीतर निदान 'मी पुढं बोलू का?' म्हणायला हवं होतं. कोणी नाही म्हणालं नसतं. पण दिवे गेले तरी घड्याळ थांबत नाही, हे तिनं कुलगुरूंनासुद्धा दाखवून दिलं होतं. ती भरभर बोलायला लागली. वहीत जिच्यासमोर ती दरवेळी लाल खूण करायची तीच चूक. घाईघाईनं कोरं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाली, "बोलण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे—"

घड्याळात दहा मिनिटं झाली. तिनं स्वतःच्या हातानं दोन टोले दिले आणि ती खाली बसली.

"वा!" प्राचार्य चहाचा घोट घेत म्हणाले. "शिस्त म्हणजे शिस्त!" अवघड गोष्ट कोणती, हे कोणी विचारलं नाही.

मग नेहमीप्रमाणं ती घंटा घेऊन शेवटच्या रांगेत गेली. बाकीच्यांची वेळ बघायची होती. मधल्या तिघांना तिनं नेमक्या दहाव्या मिनिटाला बसवलं. पाचवा उमेदवार आत आला तो पुटपुट्या. आता डॉक्टर झालेला, परगावी नोकरी करून परतलेला, अंगात कोट. त्यानं तिला मागं बसलेलं पाहिलं आणि हात केला, "बाई! तुम्ही अजून इथंच?" त्याला वाटलं, ती घंटेसाठीच आहे. त्यात त्याची तरी काय चूक? ती घंटेसाठीच होती.

चौथ्या मिनिटाला त्यानं खिशातून कार्डं काढली. छान छापलेली, गुळगुळीत. एकावर 'मोठ्यानं', एकावर 'वर बघा'. आणि एक कोरं. त्यानं विभागप्रमुखांना उठवलं, दोन वाक्यं बोलायला लावली, कोरं कार्ड दाखवलं आणि तीच वाक्यं पुन्हा बोलायला लावली. विभागप्रमुख स्वतःच्याच आवाजावर खूश झाले. दहावं मिनिट झालं. तिनं घंटेचा दांडा धरला, तर प्राचार्यांनी मागं न बघताच तळहात वर केला. असू दे. बोलू द्या त्यांना.

तो एकोणीस मिनिटं बोलला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं का?"

"झालं."

"कसं झालं?"

"मुद्दा राहिला."

"मी लग्नापासून तेच सांगतोय," तो म्हणाला.

आठ दिवसांनी विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. "मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमचा अनुभव आम्हाला माहीत आहे हो. पण तज्ज्ञ बाईंचं म्हणणं पडलं की सादरीकरण अपुरं वाटलं. मूळ मुद्दा आलाच नाही."

"मध्ये चहा आला होता, सर."

"चहा काय, सगळ्यांच्याच वेळी येतो."

बाकी कोणाच्याच वेळी आला नव्हता.

"आणि दुसरं म्हणजे," ते मवाळपणे म्हणाले, "तुम्ही तिकडं गेलात तर घंटा कोण सांभाळणार? तुमचा आराखडा मात्र आम्ही जसाच्या तसा घेतलाय. एका अक्षराचा बदल नाही." हे त्यांनी असं सांगितलं, की जणू तिला काही दिलंच.

पुटपुट्या तिला व्हरांड्यात भेटला. खजील होता, निदान दिसत तरी होता.

"बाई, तुम्ही अर्ज केला होता? मला खरंच माहीत नव्हतं हो. माहीत असतं तर..."

"तर काय?"

"तर मी..."

"वाक्य अर्धं सोडायचं नाही," ती म्हणाली. "शिकवलं होतं."

तो हसला. सुटका झाल्यासारखा हसला. मग जरा थांबून म्हणाला, "बाई, तुमची ती वही... चालू असलेली. सराव-वर्गांसाठी उदाहरणं हवी होती. देता का? झेरॉक्स काढून परत करतो."

"उद्घाटन होऊ दे," ती म्हणाली. "मग ने."

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. खुर्च्या तिनंच लावल्या, 'हॅलो, एक, दोन, तीन' तिनंच म्हटलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. प्रशिक्षकांचं मनोगत: अठरा मिनिटं, असं छापील पत्रिकेवर होतं. पुटपुट्या उभा राहिला. पहिलं वाक्य घड्याळाकडं बघून नाही, माणसांकडं बघून. माफी नाही, प्रस्तावना नाही. ती नकळत मान हलवत होती.

"मी याच कॉलेजात शिकलो," तो म्हणाला. "माझं टोपणनाव काय होतं माहितीये? पुटपुट्या." हशा. "बोलायला उभा राहिलो की माझी बटणं तुटायची." मोठा हशा. आणि मग तो थांबला. एक, दोन, तीन. अगदी नेमके तीन. सभागृह चिडीचूप झालं. आता आपलं नाव येणार, असं तिला वाटलं. इथंच यायला पाहिजे होतं, भाषणातली ती जागाच तशी होती.

"मग मी रोज दुपारी या सभागृहात यायला लागलो," तो म्हणाला. "एकटा. चार महिने. समोर रिकाम्या खुर्च्या. त्या खुर्च्यांशी बोलत बोलत मी बोलायला शिकलो. माझे गुरू म्हणाल तर या रिकाम्या खुर्च्या."

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी शेजारच्या पाहुण्यांकडं पाहून मान डोलावली. ती ज्या खुर्चीवर बसली होती, ती तेव्हाची तीच होती.

पंधराव्या मिनिटाला तिनं एक टोला दिला. अठराव्याला दोन. प्राचार्यांचा तळहात वर गेला. तिनं तो पाहिला आणि पुन्हा दोन टोले दिले, जोरात. सगळ्या माना मागं वळल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते आख्खं सभागृह तिच्याकडं तोंड करून बसलं होतं.

पुटपुट्या दचकला नाही. त्यानं हात पुढं करून हसत तिच्याकडं दाखवलं. "ऐकलीत? हीच ती घंटा! हिच्या धाकानं भल्याभल्यांची बोबडी वळायची. आज मात्र मित्रहो, ही घंटा सांगतेय की शाळा भरली, या!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. माना पुन्हा पुढं वळल्या. काहीही मध्ये आलं की भांडायचं नाही, भाषणात ओढून घ्यायचं. खुर्ची पडली तरी. तो पुढं बोलत राहिला. तिनं घंटा स्टुलावर ठेवली आणि वही उघडली.

कार्यक्रम संपल्यावर, लोक चहाकडं वळल्यावर, तो मागच्या रांगेत आला. कपाळावर घाम, डोळ्यांत चमक. "बाई, कसं झालं?"

तिनं वही पुढं केली. "ने. आजचं शेवटच्या पानावर आहे."

त्यानं उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. त्यावर त्याचं नाव होतं, विषय होता, मिनिटांच्या रकान्यात 'एक्केचाळीस' होतं. चुकीच्या रकान्यात एकच ओळ होती: 'खुर्च्या रिकाम्या नव्हत्या.'

तो वाचत राहिला. सवयीनं ती मनात मोजत होती. एक, दोन, तीन. मग त्यानं वही मिटली, काखेत धरली आणि म्हणाला, "एक्केचाळीस नसतील हो, बाई. पस्तीसच झाली असतील."

"घड्याळ माझं होतं," ती म्हणाली.

पण तोवर कोणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली होती. ती माईक बंद करायला व्यासपीठाकडं निघाली.